विधेयक मांडलं, आता पुढे काय? मजकूर कसा वाचायचा आणि हरकत कधी घ्यायची

प्रश्न असा आला आहे : अधिवेशन सुरू झालं की रोज बातमी येते, अमुक विधेयक मांडलं, तमुक मंजूर झालं. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर 'नवा कायदा लागू' असे मेसेज फिरतात. नुसतं मांडलेलं विधेयक आपल्याला बंधनकारक असतं का? त्याचा मूळ मजकूर कुठे मिळतो, तो वाचायचा कसा, आणि आमदार नसलेल्या माणसाला त्यावर काही म्हणता येतं का?

बंधनकारक नसतं. बाकीच्या प्रश्नांना मात्र जरा वेळ द्यावा लागेल. मी मंत्रालयात विधेयकांचे मसुदे तयार होतात त्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं, आता वकिली करतो, आणि अधिवेशनाच्या दिवसांत संघटनांना, सोसायट्यांना विधेयकांवरच्या सूचना लिहून देतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे लोक विधेयकावर बोलायला लागतात ते मंजूर झाल्यावर, आणि तेव्हा कोर्टाशिवाय भरवशाचं दार उरलेलं नसतं. बोलायची वेळ असते ती विधेयक मांडल्यापासून सभागृहात त्याचा खंडवार (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) विचार होईपर्यंत. आपल्या विधिमंडळात हा काळ कधी दोन दिवसांचा असतो, कधी काही तासांचा. म्हणून हा काळ लांबवणं हेच नागरिकाचं पहिलं काम, आणि त्याचा एकच भरवशाचा रस्ता आहे : विधेयक चिकित्सा समितीकडे, म्हणजे त्याची छाननी करणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवायला लावणं.

आधी रस्ता समजून घ्या. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद. मंत्री विधेयक पुरःस्थापित करतात, म्हणजे ते सभागृहापुढे येतं. पेपरात 'मांडलं' म्हणतात ते एवढंच. इथे सहसा भाषणं नसतात. एखादा सदस्य उठून पुरःस्थापनेलाच विरोध करतो, तो आवाजी मतदानात वाहून जातो. पुढचा टप्पा 'विधेयक विचारात घेण्यात यावे' या प्रस्तावाचा. तत्त्वावरची चर्चा इथे होते, आणि विधेयक चिकित्सा समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा अशी मागणीही इथेच करायची असते. मग एकेक खंड मताला टाकतात. 'खंड २ ते १४ विधेयकाचा भाग झाले' हे वाक्य अध्यक्ष ज्या वेगाने म्हणतात तो वेग प्रेक्षक गॅलरीत बसून एकदा ऐकावा. शेवटी 'विधेयक मंजूर करण्यात यावे' हा प्रस्ताव येतो. हेच सगळं दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतं, आणि मग विधेयक राज्यपालांकडे जातं.

परिषदेबद्दल एक गैरसमज फार आहे. परिषद विधेयक अडवून धरू शकते, बुडवू शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९७ प्रमाणे परिषदेने विधेयक नाकारलं, तीन महिने मंजूरच केलं नाही किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्या केल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवू शकते. दुसऱ्या वेळी परिषदेच्या हातात फक्त एक महिना असतो. धन विधेयकाला, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकाला, तर १४ दिवसच. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. तरी परिषदेला कमी लेखू नका. तिथे शिक्षक मतदारसंघातून ७ आणि पदवीधर मतदारसंघातून ७ सदस्य येतात. माझा अनुभव असा की मुद्द्याचा कागद घेऊन गेलात तर तो वाचून बघणारा माणूस यांच्यात लवकर भेटतो.

परिषदेत रखडण्याची किंमत किती असू शकते याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. विधानसभेने ते विधेयक डिसेंबर २००५ मध्ये मंजूर केलं होतं. परिषदेत ते अडकलं, समितीकडे गेलं, आणि २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपल्याबरोबर बुडालं. अनुच्छेद १९६ चा नियम असा : अधिवेशन संस्थगित झालं म्हणून विधेयक बुडत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे असलेलं विधेयक बुडतं, आणि तिने मंजूर करून परिषदेकडे पाठवलेलं पण तिथे अडकलेलंही बुडतं. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. पहिल्या मंजुरीपासून आठ वर्षं गेली होती.

याच नियमामुळे जनसुरक्षा विधेयक दोनदा मांडावं लागलं. हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण समितीला पाठवल्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही हे त्यात एकाच ठिकाणी दिसतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा आलं जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनाच्या अगदी शेवटी. मंजुरीची वेळच आली नाही. नोव्हेंबरात निवडणुका झाल्या, जुनी विधानसभा गेली आणि तिच्याबरोबर विधेयकही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते नव्याने मांडलं गेलं, आणि विरोध पाहून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते. समितीने जनतेकडून सूचना मागवल्या आणि साडेबारा हजारांहून अधिक आल्या. विधिमंडळाच्या कामाशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा, हा आकडा थक्क करणारा आहे. अहवाल जुलै २०२५ मध्ये आला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला परिषदेने विधेयक मंजूर केलं. विधानसभेत आवाजी मतदान झालं; उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी.

एवढ्या सूचनांमधून बदल किती झाले? ठळक असे तीन. विधेयकाच्या दीर्घ नावात, म्हणजे ते कशासाठी आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या वाक्यात, आधी 'व्यक्ती आणि संघटना' यांच्या बेकायदेशीर कृत्यांचा उल्लेख होता, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असा उल्लेख आला. संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलून उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्षस्थानी आले. आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. यातला दुसरा आणि तिसरा बदल खरा आहे, तो खंडाच्या आत झाला आहे आणि त्याने रोजच्या अंमलबजावणीत फरक पडतो. पहिल्या बदलाचा गाजावाजा सगळ्यात जास्त झाला, आणि माझ्या लेखी वजन त्याचंच सगळ्यात कमी आहे. कारण दीर्घ नाव हे कायद्याचं दार आहे. आत काय आहे ते व्याख्या सांगतात. 'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेत, कायद्याच्या प्रशासनात हस्तक्षेप करणाऱ्या कृत्याबरोबरच तसा कल असणारं कृत्यही येतं, आणि ते बोलून, लिहून, खुणेने, चित्राने केलेलंही चालतं. ही रुंदी समितीनंतरही तशीच राहिली. व्याख्येचा अर्थ स्पष्ट असेल तर न्यायालय दीर्घ नावाकडे बघून तो आखूड करत नाही. अर्थ संदिग्ध असेल तरच दीर्घ नावाचा आधार घेतं. शिक्षा दोन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आणि गुन्हे अजामीनपात्र, तेव्हा वाचायची जागा व्याख्याच.

आता मजकूर. तो मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकं अधिवेशनवार लावलेली असतात, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. मांडलेली विधेयकं शासन राजपत्राच्या असाधारण अंकातही छापली जातात, आणि राजपत्राचे अंक ऑनलाइन मिळतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था राज्यांची विधेयकंही गोळा करून ठेवते, तीही सोय आहे. बातमीत विधेयकाचं लोकप्रिय नाव असतं, त्याने शोधाल तर सापडणार नाही. 'सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक' असा क्रमांक मिळवा. तोही मिळत नसेल तर त्या दिवसाच्या कामकाजाचा क्रम उघडा; 'शासकीय विधेयके' या मथळ्याखाली क्रमांक आणि पूर्ण नाव असतं.

दोन्ही भाषांतली प्रत काढा असं मी आग्रहाने सांगतो. सभागृहात मराठी विधेयक मांडलं आणि मंजूर केलं जातं, पण राजपत्रात इंग्रजी मजकूर छापताना वर एक ओळ असते : संविधानाच्या अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) अनुसार हा अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध करण्यात येत आहे. त्याच अनुच्छेदाप्रमाणे हा इंग्रजी मजकूर प्राधिकृत मानला जातो. उद्या वाद झाला तर उच्च न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील इंग्रजीच उघडणार. आणि मराठीत एखादं वाक्य तीनदा वाचूनही कळलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका, इंग्रजी बघा. बरेचदा आधी इंग्रजी मसुदा झालेला असतो आणि मराठी त्याच्यामागून धावत आलेलं असतं. मी स्वतः असं मराठी पुष्कळ पाठवलं आहे.

वाचायचं मात्र शेवटून. शेवटच्या पानांवर 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. सरकारला काय दुखतंय ते त्यात साध्या भाषेत सांगितलेलं असतं, आणि त्याखाली मंत्र्यांचं नाव, ठिकाण, तारीख. त्या निवेदनात आणि खंडांत तफावत दिसली तर तिथे पेन्सिलीने खूण करा. हरकतीचा सगळ्यात सकस मुद्दा बहुधा तिथेच सापडतो. त्यानंतर 'वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन'. लोक हे पान उलटून पुढे जातात, मी तिथे थांबतो. सरकारने नियम आणि अधिसूचना काढून पुढे काय काय ठरवायचं आहे, त्याची खंडनिहाय यादीच सरकारने तिथे स्वतः दिलेली असते. यादी लांब असेल तर समजा की विधेयकात सांगाडा आहे, मांस नंतर भरणार. वित्तीय ज्ञापनात खर्चाचा अंदाज असतो. 'राज्याच्या एकत्रित निधीतून कोणताही आवर्ती किंवा अनावर्ती खर्च होणार नाही' असं वाक्य आणि खंडांत मात्र नवं प्राधिकरण, नवे अधिकारी, असं जोडीने दिसलं तर ते विचारायलाच हवं. खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७ खालची राज्यपालांची शिफारसही तिथेच छापलेली असते.

मग सुरुवातीला या. पहिल्याच खंडात संक्षिप्त नाव आणि प्रारंभ असतो. 'राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास' असं लिहिलेलं असेल तर कायदा मंजूर होऊन, संमती मिळूनही पडून राहू शकतो. 'अमुक दिनांकापासून अंमलात आला असल्याचे मानण्यात येईल' असं असेल तर तो मागच्या तारखेपासून तुम्हाला लागू होतोय.

आपल्याकडे येणाऱ्या विधेयकांपैकी बरीचशी सुधारणा विधेयकं असतात, आणि ती एकटी वाचून काहीही कळत नाही. नमुना असा : 'मुख्य अधिनियमाच्या कलम ७ च्या पोट-कलम (२) मध्ये, "देईल" या मजकुराऐवजी, "देऊ शकेल" हा मजकूर दाखल करण्यात येईल.' (हे कलम मी समजावण्यापुरतं रचलं आहे.) एका ओळीचा खंड, पण काल जे देणं अधिकाऱ्याला भाग होतं ते आज त्याच्या मर्जीवर गेलं. असा खंड बातमीत येत नाही. म्हणून मुख्य अधिनियमाची अद्ययावत प्रत शेजारी उघडा, जुनं कलम एका कागदावर उतरवा, सुधारणा त्यात घालून नवं कलम पूर्ण लिहून काढा. तासाभराचं काम आहे, आणि ते न करता विधेयकावर बोलणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. त्यात काही आमदारही येतात. परंतुकं ('परंतु'ने सुरू होणारे अपवाद) आणि 'काहीही अंतर्भूत असले तरी' अशी सुरुवात असलेली पोट-कलमं दोनदा वाचा.

सुधारणा विधेयकांच्या बाबतीत आणखी एक सवय उपयोगी पडते : त्याच कलमाला मागच्या दहा वर्षांत किती वेळा हात लागला ते बघा. सरपंच थेट जनतेतून निवडायची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकारं बदलली तसं कलम फिरलं. यातल्या २०२० च्या फेरीत एक गोष्ट घडली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारला अध्यादेशाने तरतूद काढायची होती, पण अधिवेशन तोंडावर आलं होतं. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, विधेयक आणा असं सुचवलं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी विधेयकच आणावं लागलं.

अध्यादेशाचं गणित वेगळं असतं, तेही इथेच सांगतो. अध्यादेश निघाल्या दिवसापासून कायद्यासारखाच लागू होतो, पण विधिमंडळाची बैठक पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो विझतो, म्हणून त्याच्या जागी विधेयक येतं. सभागृहं अशा विधेयकाकडे 'झालेलंच आहे' या नजरेने बघतात आणि चर्चा आटोपते. ही पळवाट किती ताणता येते ते पुण्याच्या एका प्राध्यापकाने देशाला दाखवलं. गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं चाळून काढली. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर तब्बल १४ वर्षं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६ च्या डिसेंबरात न्यायालयाने हा संविधानाशी केलेला कपटाचार ठरवला. ना वकील, ना आमदार. राजपत्र वाचणारा एक अर्थशास्त्रज्ञ.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याला काही म्हणता येतं का. हक्क म्हणून, प्रत्येक विधेयकावर, असं नाही. मसुदा आधी लोकांपुढे ठेवून ३० दिवस अभिप्राय घ्यावेत असं धोरण केंद्राने २०१४ मध्ये केलं. ते केंद्राच्या मंत्रालयांसाठी आहे, राज्यांवर बंधन नाही. आपल्या सरकारने कधी कधी आपणहून तसं केलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना उत्तर म्हणून तीन विधेयकांचे मसुदे विधानसभेत मांडून दोन महिने सूचनांसाठी खुले ठेवले गेले. नोव्हेंबरात केंद्रानेच आपले कायदे मागे घेतले आणि डिसेंबरात ही विधेयकंही मागे घेतली गेली. उलट टोकाचं उदाहरण मराठा आरक्षणाचं. २० फेब्रुवारी २०२४ ला विशेष अधिवेशन भरलं, १० टक्के आरक्षणाचं विधेयक त्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि २६ तारखेला ते राजपत्रात आलं. बाहेरच्या माणसाला त्यात शिरायला फटच नव्हती. विषय चांगला की वाईट हा इथे प्रश्न नाही. एका दिवसात मंजूर होणाऱ्या विधेयकातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून विधेयक आलं त्याच दिवशी कामाला लागा. आमदारांना 'विरोध करा' असं सांगायला जाऊ नका. 'हे विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव द्या' असं सांगा, आणि प्रस्तावाला लागणारी तीन कारणं लिहून न्या. सत्तेतल्या आमदाराला विरोध करता येत नाही, पण 'जरा तपासून घेऊ' म्हणणं त्याला परवडतं. समिती नाहीच झाली तर किमान एका खंडावरची दुरुस्ती तयार मजकुरासकट त्याच्या हातात द्या. सदस्यांना दुरुस्तीची सूचना लेखी द्यावी लागते, आणि अधिवेशनाच्या धावपळीत ती लिहून काढायला त्यांच्याकडे माणूस नसतो. तुमचा कागद त्या वेळी चालून जातो.

समिती झाली तर ती सूचना मागवते. सूचना विधान भवनात विधानमंडळ सचिवालयाकडे द्यायची असते. पत्ता आणि मुदत जाहीर नोटिशीत दिलेली असते. इथे माझी लोकांशी नेहमी झटापट होते. 'हे विधेयक लोकशाहीचा गळा घोटणारं आहे' असं चार पानी निवेदन घेऊन लोक येतात. भावना बरोबर असेलही, पण समितीचा कक्ष अधिकारी सूचनांचा तक्ता करतो, आणि त्या तक्त्यात पहिला रकाना खंड क्रमांकाचा असतो. क्रमांक नसलेलं निवेदन 'सर्वसाधारण' या शेवटच्या पानावर जाऊन पडतं. तेव्हा एका मुद्द्याला एक परिच्छेद, असा : 'खंड २, बेकायदेशीर कृत्याची व्याख्या. नुसता हस्तक्षेपाचा कल असलेल्या कृत्यांना लागू होणारा मजकूर वगळावा. कारण : प्रत्यक्ष हस्तक्षेप आधीच समाविष्ट आहे, कल ठरवण्याचा निकष विधेयकात कुठेही दिलेला नाही, त्यामुळे तो तपास अधिकाऱ्याच्या मतावर राहील.' बस, एवढंच. एक हजार जणांनी एकच छापील निवेदन पाठवलं तर तक्त्यात ती एक ओळ होते, म्हणून सह्यांच्या मोहिमेपेक्षा दहा जणांनी दहा वेगळे खंड घेतलेले बरे. पोच घ्या, आणि प्रत्यक्ष म्हणणं मांडायची इच्छा आहे हे शेवटी लिहा. बोलावतीलच असं नाही, पण न लिहिणाऱ्याला नक्की बोलावत नाहीत.

दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्यावरही विधेयक कायदा नसतं. राज्यपाल संमती देतात, सभागृहाकडे फेरविचाराला परत पाठवू शकतात (धन विधेयक सोडून), किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. केंद्राच्या कायद्याशी टक्कर असलेल्या समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयाला राष्ट्रपतींची संमती लागते, आणि तिथे काळ थांबतो. गोवंश हत्याबंदीचं सुधारणा विधेयक १९९५ मधलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. लागू झाल्यावर सव्वा वर्षाच्या आत, मे २०१६ मध्ये, परराज्यात कत्तल झालेल्या गोवंशाचं मांस बाळगण्यावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने रद्दही केली. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं ते कायदा होऊन परत आलंच नाही. दरम्यान ज्या भारतीय दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होतं ती १ जुलै २०२४ ला इतिहासजमा झाली. राज्यपालांना मुदत घालता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयात बरंच रामायण झालं. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांनी मुदती ठरवून दिल्या. २० नोव्हेंबर २०२५ ला घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिलं की न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही आणि 'संमती मिळाली असं मानू' हेही चालत नाही, मात्र कारण न देता दीर्घकाळ गप्प बसणं मर्यादित प्रमाणात न्यायालयात तपासता येतं.

याचा अर्थ मंजुरीनंतरही दार पूर्ण बंद होत नाही. गोव्यात एकच सभागृह, ४० आमदार. तिथे ३० जुलै २०२१ ला भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झालं. 'भूमिपुत्र' कुणाला म्हणायचं यावरून आदिवासी समाजापासून सगळीकडे इतका संताप उसळला की मुख्यमंत्र्यांना आधी नाव बदलण्याची भाषा करावी लागली, आणि पुढे ते विधेयक कायदा झालंच नाही. पण अशा चमत्कारावर बेत आखू नये.

संमती मिळाली, राजपत्रात 'सन अमुकचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक अमुक' असा छापून आला, प्रारंभाची तारीखही पडली, तरी सोसायटीवाल्यांनी एक गोष्ट बघायचीच : नियम. सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण तेरा-ब २०१९ मध्ये आलं, १५४ब पासूनची कलमं. त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०२५ मध्ये. मधली सहा वर्षं 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' या शब्दांवर उपनिबंधक कार्यालयं आणि सोसायट्या आपापला अर्थ लावत बसल्या. असे नियम सहसा पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीने करायचे असतात, म्हणजे मसुदा आधी राजपत्रात येतो आणि हरकतींना मुदत मिळते. विधेयकाच्या वेळी जी संधी हुकते ती इथे बरीचशी परत मिळते, शिवाय इथे गर्दी नसते. विधेयकाला हजारोंनी सूचना येतात; नियमांच्या मसुद्यावर येणाऱ्या हरकती एका फाइलीत मावतात, आणि खात्यातला माणूस त्या खरोखर वाचतो. विधेयकातल्या ज्ञापनात 'नियमांद्वारे ठरवले जाईल' असे जे खंड तुम्ही खूण करून ठेवले असतील त्यांची यादी जपून ठेवा, आणि संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर मसुदा येतोय का ते महिन्यातून एकदा बघत जा.